बाहेर नावाचा फोल्डर

आमच्या कार्यालयात आठ संगणक होते आणि त्यांना तालुक्यांची नावं होती. नेटवर्क पहिल्यांदा जोडलं गेलं तेव्हा जोडणाऱ्याने सांगितलं की प्रत्येक यंत्राला काहीतरी नाव द्यावंच लागतं. त्या दिवशी जो ज्या तालुक्याच्या बातम्या पाहत होता, ते नाव त्याच्या यंत्राला मिळालं. माझं झरी. खिडकीजवळचं केळापूर. जाहिरात विभागाला तालुका नव्हता म्हणून त्याच्या यंत्राचं नाव जाहिरात. पुढे माणसं आणि टेबलं बदलली, यंत्रांची नावं तीच राहिली, आणि माणसांनाही त्याच नावांनी हाक मारायची सवय पडली. "केळापूर, तुझा फोन." "वणी जेवायला गेलाय, थांबा." बाहेरून आलेल्या माणसाला हे समजायला थोडा वेळ लागे.

यवतमाळातलं लहान दैनिक. इमारतीत खाली बियाणं-खतांचं दुकान, वर आम्ही. मालक हेच संपादक. मी जिल्ह्याच्या पानावर काम करत होतो आणि झरी जामणी तालुका माझ्याकडे होता.

नेटवर्कची रचना आधी सांगणं भाग आहे. आठही यंत्रं वायरींनी एका डब्याला जोडलेली होती. त्यांच्यात मुख्य असं कोणतंच नव्हतं. प्रत्येक यंत्रावर दोन फोल्डर असत, आत आणि बाहेर. आतमध्ये ठेवलेलं त्या यंत्रावर बसणाऱ्यालाच दिसे. बाहेरमध्ये ठेवलेलं उरलेल्या सातही यंत्रांवरून दिसे, उघडता येई, उचलता येई आणि पुसताही येई. सुरुवातीला बाहेरला पासवर्ड होता. पण दारव्ह्याची बस पकडायला लवकर निघालेला माणूस रस्त्यातून फोन करी, बातमी माझ्या बाहेरमध्ये आहे, घे म्हणून. आणि पासवर्ड सांगता सांगता बसच्या आवाजात काही ऐकू येत नसे. सहा महिन्यांत पासवर्ड गेला. हळूहळू लोक आतमध्ये काही ठेवीनासे झाले.

स्कॅनर एकच होता, केळापूरला जोडलेला. त्यावर कागद ठेवला की त्याची प्रत आपोआप केळापूरच्या बाहेरमध्ये पडे आणि तिला पुढचा नंबर मिळे. नंबर बदलून नाव देण्याची सोय होती. ती कोणी वापरली नाही. आपला कागद शोधायचा तर शेवटच्या दहाबारा फायली उघडून पाहायच्या. घाई असेल तर तेवढंही न करता अख्खा फोल्डर आपल्याकडे उचलायचा आणि मग निवांत शोधायचं. या पद्धतीला कार्यालयात एक शब्दप्रयोग होता, अख्खं उचल. महिनाअखेरीस केळापूर तो फोल्डर रिकामा करी.

त्या पावसाळ्यात झरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई मला पांढरकवड्याच्या बसस्थानकावर भेटली. शनिवार होता. तिने वहीची चार पानं दिली. दहावीपर्यंत शिकलेली होती, अक्षर गोल आणि स्वच्छ. लिहिलं होतं ते असं: वसतिगृहातल्या काही मुलींना कावीळ झाली आहे, त्यांना दवाखान्यात न नेता कोठीच्या मागच्या खोलीत ठेवलं जातं, हजेरीत त्या रजेवर दाखवल्या जातात. मुलींची नावं होती, कोण कधी त्या खोलीत गेली ते वार होते. खाली सही नव्हती.

तिची एक अट होती. कोठीचं रजिस्टर रोज तीच लिहीत असे. कागद कोणाच्या नजरेस पडला तर सही नसूनही तो कोणी लिहिला ते कळणार होतं. शिवाय तिची मुलगी त्याच शाळेत नववीला, त्याच वसतिगृहात.

"माहं अक्षर तिथला कुत्रंबी ओळखते," ती म्हणाली. "वाचा, काय उतरवाचं ते उतरवा, अन् कागद मले परत द्या."

पुढच्या शनिवारी कागद परत देण्याचं मी कबूल केलं, आणि दिलाही. मध्ये सोमवारी तो स्कॅन केला. मोबाइलवर फोटो काढला असता तर एका मिनिटाचं काम होतं. पण मोबाइलमधला फोटो कुठे कुठे जातो याचा भरवसा नाही, असं माझं तेव्हा मत होतं. कार्यालयातला स्कॅनर मला जास्त सुरक्षित वाटला. चारही पानं स्कॅन झाली, मी ती माझ्या आतमध्ये घेतली. घेतली म्हणजे त्यांची प्रत घेतली. मूळ केळापूरच्या बाहेरमध्येच राहिली. हे मला माहीत होतं. महिनाअखेर दोन दिवसांवर होती, फोल्डर रिकामा होईल असं मी धरून चाललो. केळापूर तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता हेही मला माहीत होतं. या दोन गोष्टी मी एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत.

बातमी लगेच छापण्यासारखी नव्हती. एका निनावी पत्रावर बातमी होत नाही. मी आरोग्य केंद्रात विचारलं, दोन मुलींच्या पालकांना भेटलो, दोघांनाही मुली रजेवर असल्याचं ठाऊक नव्हतं. या कामात दोनेक आठवडे गेले.

याच दरम्यान आमच्या पानावर एक चूक झाली. एकाच पानावर दोघे जण आपापल्या यंत्रावरून काम करत होते, एकाने दुसऱ्याच्या वर साठवलं, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांमधला फोटो श्रद्धांजलीच्या चौकटीत छापून गेला. फोटो एका माजी सरपंचाचा होता. ते दुसऱ्या दिवशी दहा माणसं घेऊन आले. ओरडले वगैरे काही नाहीत. मालकांच्या समोर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मी मेल्यावर तुमचा पेपर काय छापते ते पाहाले भेटलं, चांगलं झालं. हार आणला नाही का?"

ते गेल्यावर मालकांनी नेटवर्कवाल्याला बोलावलं.

तो बुधवारी सकाळी आला. चाळिशीचा, शांत माणूस. त्याने आठही यंत्रं पाहिली आणि मालकांच्या खोलीत उभ्याउभ्याच दोन पद्धती सांगितल्या. मालकांनी मलाही बोलावून घेतलं होतं.

"आता तुमचं आहे ते गल्लीवानी आहे, साहेब," तो म्हणाला. "ज्याचं त्याचं दार, ज्याची त्याची कडी. कोणी लावते, कोणी लावत नाही. सांगाले कोणी वरचा नाही. दुसरी पद्धत म्हणजे होस्टेल. एक सर्व्हर बसवू. सगळ्याईची नावं, पासवर्ड त्याच्यापाशी. कोणी कोणत्याबी मशीनवर बसो, आधी तिथं नाव सांगाव लागते. कोणाले कोणती खोली उघडाची ते तिथंच ठरते."

"आणि कोण काय उघडतो ते मला दिसेल?" मालकांनी विचारलं.

"दिसते. कोणी, कोणत्या मशीनवरून, किती वाजता. सगळं लिवलेलं राह्यते."

मालकांनी हा प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारला आणि पुन्हा तेच उत्तर ऐकलं. मग मला म्हणाले, दोन्ही पद्धतींची तुलना एका पानात लिहून द्या. विशेषणं नकोत.

मी लिहायला घेतलं. ते टिपण माझ्याकडे अजून आहे, वर त्या बुधवारची तारीख आहे. पहिली पद्धत सोपी, जोडायला वेळ लागत नाही, एक यंत्र बिघडलं तर बाकीची चालू राहतात. यंत्रं दहाच्या आत असतील आणि माणसं एकमेकांना ओळखत असतील तर ती पुरते. दुसरीत सर्व्हर बंद पडला तर सगळेच अडतात, सांभाळायला जाणकार लागतो, पण माणूस गेला तर एका जागी त्याचं नाव काढलं की पुरे. पहिलीत प्रत्येकाला बरंच काही दिसतं आणि कोणी काय पाहिलं हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरीत प्रत्येकाला थोडं दिसतं आणि एकाला सगळं. इथवर लिहून झाल्यावर मला वाटलं की आपल्याकडे सध्या काय काय उघडं आहे याची यादी जोडावी. तुलनेला आधार मिळेल.

म्हणून माझ्या जागेवरून मी एकेक यंत्राचं बाहेर उघडत गेलो. इतकी वर्षं तिथे काम करून हे मी पहिल्यांदा करत होतो. वणीच्या बाहेरमध्ये त्याच्या पत्नीच्या तपासण्यांचे अहवाल होते. पुसदच्या बाहेरमध्ये दुसऱ्या दैनिकाकडे नोकरीसाठी केलेला अर्ज होता. दारव्ह्याच्या बाहेरमध्ये कुंडल्या होत्या, आठ, सगळ्या मुलींच्या. हे सगळं कित्येक महिने तिथे होतं. कोणी पाहिलं असेल किंवा नसेल. मी यादी करत गेलो.

केळापूरच्या बाहेरमध्ये माझी चार पानं होती. महिना उलटून गेला होता, फोल्डर रिकामा झालेला नव्हता. मी ती पुसली.

मग जाहिरातचं बाहेर उघडलं. त्यात एक फोल्डर होता, नाव केळापूर-बाहेर, तारीख मागच्या शुक्रवारची. आत स्कॅनरचे सगळे नंबर ओळीने होते. माझी चार पानंही होती.

जाहिरातवाला आमच्यात सगळ्यात जुना. पन्नाशी ओलांडलेला, शर्टाच्या खिशात कंगवा, सगळ्या जिल्ह्यात ओळख. मी त्याच्या टेबलाशी गेलो आणि तो फोल्डर कशासाठी घेतला ते विचारलं.

"जाहिरातीचा फोटो त्यातच होता ना, बाप्पा. संस्थापकाचा. नंबर कोणता ते कोणाले माहीत? अख्खं उचललं."

"कुठल्या संस्थेची जाहिरात?"

त्याने सांगितलं. ती आश्रमशाळा चालवणारी संस्था. संस्थापकाच्या वाढदिवसाला ते दरवर्षी पूर्ण पान देत.

"मग इथंच शोधला फोटो?"

"कुठं शोधता. पेनड्राइव्हमधी टाकलं सगळं अन् प्रूफ दाखवाले घेऊन गेलो त्याईच्या ऑफिसात. मोबाइलवर कलर बरोबर दिसत नाही म्हणते सचिव. त्याईच्या टीव्हीवर लावून पाह्यलं."

"पेनड्राइव्ह कुठे आहे?"

"तिकडंच राह्यला. निवांत पाहतो म्हणे." तो कंगवा काढता काढता थांबला. "तुमी असे काहून पाहून राह्यले माह्याकडं?"

मी त्याला पत्राबद्दल सांगितलं नाही. त्यात माझ्या कागदपत्रांपैकी काही आहे, आत्ताच फोन लाव आणि आजच परत मागव, एवढंच म्हणालो. तो मनाने चांगला होता. चूक झाली हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडे सचिव होते. फोन टेबलावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला.

"साहेब, तो पेनड्राइव्ह पाठवून द्या ना," जाहिरातवाला म्हणाला. "त्यात आमच्या ऑफिसचं बाकीचंबी आलं चुकून. झरीकडचे कागद आहेत काही. ते उघडू नका तुमी, तुमच्या कामाचे नाहीत."



"बरं झालं सांगितलं," सचिव म्हणाले. "पाठवतो."

मी टेबलाशी उभा होतो. काय बोलायचं ते मी त्याला सांगितलं नव्हतं. झरीकडचे, हा शब्द त्याच्या तोंडी आला कारण माझं यंत्र झरी होतं आणि त्याच्या लेखी मीही झरीच होतो. त्याला म्हणायचं होतं, माझे कागद.

त्या दुपारपासून मी बाईला फोन लावत होतो. तिच्या वस्तीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तरच रेंज मिळते, हे तिने आधीच सांगितलं होतं. बुधवारी लागला नाही. गुरुवारीही नाही. मी टिपण पूर्ण करून, यादी जोडून मालकांना दिलं. शेवटी शिफारस होती, दुसरी पद्धत स्वीकारावी. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

शुक्रवारी सकाळी संस्थेचा ड्रायव्हर एक पाकीट देऊन गेला. चांगलं जाड पाकीट, संस्थेचं बोधचिन्ह छापलेलं. जाहिरातवाल्याने ते हसत हसत माझ्याकडे आणलं. "घ्या. उगीच रक्त आटवलं दोन दिवस." मी पेनड्राइव्ह माझ्या यंत्राला लावला.

फायली सगळ्या होत्या. एकही कमी नव्हती. नंबर मात्र गेले होते. प्रत्येक फाईलला कोणीतरी नाव दिलं होतं, मराठीत, व्यवस्थित. संस्थापक फोटो. बियाणे पावती. हळदीकुंकू निमंत्रण. शाळा सोडल्याचा जुना दाखला. जे काम आमच्या कार्यालयात इतक्या वर्षांत कोणी केलं नव्हतं ते तिथे कोणीतरी बसून केलं होतं. शेवटच्या चार फायलींवर त्या बाईचं नाव होतं. तिचं, नवऱ्याचं, आडनाव, असं पूर्ण, आणि पुढे पान एक, पान दोन, पान तीन, पान चार.

जाहिरातवाला माझ्या खांद्यावरून पाहत होता. "किती छान लावून देलं," तो म्हणाला.

हे केव्हा केलं ते फायलींवरून कळतं का, हे मी पाहिलं. कळत नाही. नाव बदललं तरी फाईलची तारीख बदलत नाही. चारही पानांवर मी स्कॅन केलं त्या सोमवारची तारीख होती.

मी लगेच निघालो. पांढरकवड्यापर्यंत एसटी, पुढे दुसरी एसटी, शेवटचे काही किलोमीटर एका ओळखीच्या शिक्षकाच्या मोटारसायकलवर. बाईचं घर गावाबाहेर कोलामांच्या वस्तीत, पोडावर होतं. दुपारचं जेवण वाढून झाल्यावर संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी ती दोन तास घरी येत असे. अंगणात शेंगा निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही. शिक्षकाकडे पाहिलं. तो काही न सांगता मोटारसायकल घेऊन रस्त्यावर जाऊन थांबला.

मी सांगायच्या आधी तिनेच सांगितलं. काल सचिव स्वयंपाकघरात आले होते. इतक्या वर्षांत ते कधी त्या दारातून आत आलेले नव्हते. त्यांनी हात जोडून नमस्कार केला.

"ताई म्हणे मले," ती म्हणाली. "तब्येत कशी आहे, पोरगी अभ्यास करते का, इचारलं. मले भेव वाटलं."

त्याच दिवशी कोठीमागची खोली धुतली होती. मुलींना जीपमधून नेलं. कुठे, ते कोणी सांगितलं नाही. त्या ग्रामीण रुग्णालयात पोचल्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिथे त्यांच्यावर उपचार सुरू झाले होते. पण त्या दुपारी अंगणात आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं.

मी तिला झालेलं सांगितलं. स्कॅनर म्हणजे काय, बाहेर म्हणजे काय, अख्खं उचलणं म्हणजे काय. तिने मध्ये एकदाच विचारलं.

"कागद त परत देले होते तुमी मले?"

"हो."

"ते मी चुलीत टाकले." ती शेंगांकडे पाहत होती. "अन् तुमी दुसरे करून चावडीवर ठेवले."

मी हो म्हणालो.

फोनबद्दल मी त्या दिवशी बोललो नाही. तिला ते कळणं तेव्हा गरजेचं नाही, असं मी स्वतःला समजावलं.

नोकरीबद्दल ती बोललीच नाही. तिचा प्रश्न एकच होता. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला देणं संस्थेच्या हातात होतं. तो नसेल तर दुसऱ्या शाळेत नाव लागत नाही, आणि पुढच्या वर्षी दहावी. दाखला अडवून ठेवलेल्या पोरी तिने पाहिल्या होत्या. एकीचा दोन वर्षं अडवला होता, शेवटी तिचं लग्न लावून दिलं.

"दाखला हातात येऊ द्या," ती म्हणाली. "उद्या शनिवार हाय, सकाळची शाळा. मी जाते. भेटला त पोरीले घेऊन तशीच निघते. मंग छापा. नाई भेटला त..."

परत येऊन मी मालकांना सगळं सांगितलं, मला जमलं तेवढ्या कमी शब्दांत. दाखला मिळेपर्यंत थांबू, म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, त्या पेनड्राइव्हमध्ये आपलं आणखी काय काय गेलं होतं? मी त्या फायलींची यादी दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाई तिच्या बहिणीच्या घरून बोलत होती, केळापूरकडच्या एका गावातून. मुलगी सोबत होती, पेटीही. दाखला मिळाला होता. शाळेच्या कचेरीतल्या बाबूने काही विचारलं नाही, वाद घातला नाही.

"लगीच देला," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता.

बातमी मंगळवारी पाचव्या पानावर आली. मुलींच्या पालकांचं म्हणणं होतं, रुग्णालयाचं होतं, संस्थेची बाजू विचारली होती आणि ती मिळाली नाही असं लिहिलं होतं. पत्राचा उल्लेख कुठेही नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याच संस्थेची जाहिरात पहिल्या पानावर आली, पूर्ण पान, संस्थापकाच्या फोटोसह. रंग चांगले उठले होते. बाईला निरोप गेला की स्वयंपाकघरात दुसरी व्यवस्था झाली आहे.

सर्व्हरही त्याच पंधरवड्यात आला. काळा, उभा डबा, मालकांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीमागे. प्रत्येकाला स्वतःच्या नावाने पासवर्ड मिळाला. यंत्रांची जुनी नावं काढून टाकली, त्यांना आता क्रमांक आहेत. बाहेर नावाचा फोल्डर कोणाच्याच यंत्रावर राहिला नाही. स्कॅन केलेला कागद ज्याने केला त्याच्याचकडे जातो. दुसऱ्याच्या वर साठवलं जाण्याची चूक पुन्हा झालेली नाही. काम सुरळीत चालतं. कार्यालयात हाका मारणं कमी झालं आहे. लोक एकमेकांच्या टेबलाशी जाऊन हळू बोलतात. पुसदने नोकरी सोडली, त्याचा तो अर्ज टिपणाला जोडलेल्या माझ्या यादीत होता. एकदा मालक जिन्यात भेटले तेव्हा सहज म्हणाले, "आश्रमशाळेची जुनी फाईल परवा दोनदा उघडलीत तुम्ही." मी हो म्हणालो. ते जिना उतरून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी, एका शनिवारी, बाई पुन्हा पांढरकवड्याच्या बसस्थानकावर भेटली. तिनेच बोलावलं होतं. नव्या शाळेने मुलीला वर्गात बसू दिलं होतं, आता मूळ दाखला जमा करायचा होता, त्याआधी त्याच्या प्रती काढून ठेवायच्या होत्या. ती बहिणीच्या गावात दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जात होती. समोरच्या दुकानात आम्ही झेरॉक्स काढायला दिलं. यंत्र गरम होईपर्यंत तिने दाखला माझ्या हातात दिला.

मी तो बातमी वाचावी तसा वाचला, वरून खाली. मुलीचं नाव. जन्मतारीख. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचं कारण, पालकाच्या विनंतीवरून. खाली मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि तारीख.

"तुम्ही मागायला कधी गेला होतात?" मी विचारलं.

"शनिवारीच त. तुमी येऊन गेल्यावर." ती माझ्याकडे पाहत होती. "बाबूनं कपाटातून काढून देला. लिवूनच ठेवला होता. मले अर्जबी कराव लागला नाही."

तारीख बुधवारची होती. माझ्या टिपणावर आहे तीच.

तिनेही तारीख पाहिलेली होती. त्यासाठीच तिने मला बोलावलं असावं. "बुधवारी काय झालतं?" तिने विचारलं.

तेव्हा मी फोनबद्दल सांगितलं. कोणी केला, कोणाच्या सांगण्यावरून केला, त्यात काय बोललं गेलं. शुक्रवारपासून बुधवारपर्यंत पेनड्राइव्ह तिकडे पडून होता. त्या दिवसांत तो कोणी उघडला असेल, किंवा फक्त फोटो पाहून ड्रॉवरमध्ये टाकून दिला असेल. फोन आल्यानंतर उघडला असेल. दोन्हीपैकी काय झालं ते सांगता येत नाही, असं मी तिला म्हणालो. त्याची नोंद कुठेही नाही.

दुकानदाराने तीन प्रती दिल्या. तिने त्या मोजल्या नाहीत, फक्त एकावर एक नीट लावल्या. मूळ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. मग एक प्रत माझ्याकडे केली.

"हे एक तुमच्यापाशी असू द्या," ती म्हणाली. "हरवलं-बिरवलं त कामी येईन."

मी ती घेतली. घडी घालत होतो तेवढ्यात तिने हात पुढे केला. मी प्रत परत दिली, तिने ती बाकीच्या दोन प्रतींबरोबर पिशवीत ठेवली आणि बस लागली होती तिकडे चालू लागली.